भोंग्याची सुट्टी

वाघमारे बाईंनी कोणाला ‘कसा आहेस’ असं विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही. शाळा सोडून दहा वर्षं झालेला विद्यार्थी भाजीच्या गाडीपाशी दिसो, लग्नात समोरच्या पंगतीला बसलेला असो, नाहीतर दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत भेटो, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘‘सुट्टी कधी?’’ तो म्हणायचा, ‘‘गुरुवार, बाई.’’ मग दुसरा प्रश्न. ‘‘शिफ्ट?’’ ‘‘या आठवड्यात फर्स्ट. पुढच्या आठवड्यात थर्ड.’’ बाई पर्समधून छोटी वही काढायच्या, उभ्या उभ्या लिहून घ्यायच्या, आणि वही परत आत गेली की मगच म्हणायच्या, ‘‘हं, आता बोल. आई काय म्हणते?’’

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते. भोसरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आमच्याकडे साखरपुडे गुरुवारी होतात, केस कापायला गुरुवारी रांग लागते, घरात मटण गुरुवारी शिजतं आणि उपास करणाऱ्या सासवा त्यावरून गुरुवारीच भांडतात. रविवारी सकाळी सहाला माणसं डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभी असतात. त्याच वेळी सगळं जग एकमेकांना ‘हॅपी संडे’ पाठवत असतं. मला याचा राग येतो. राग येणं हे माझं कामच आहे. मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत आहे आणि तिथली पत्रकं लिहिते. हे मात्र पत्रक नाही. यात मागण्या नाहीत. एक बाई आहेत.

बाई भोसरीतल्या आमच्या शाळेत संगीत शिकवायच्या. संगीताची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे उंच मुलांना वाकून गावं लागायचं. बाई म्हणायच्या, ‘‘वाकलात तरी चालेल, सूर वाकवू नका.’’ पेटीची एक पट्टी दाबली की वर यायची नाही, ती त्या करंगळीने उचलायच्या आणि गाणं थांबायचं नाही. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की मैदानावरची कबड्डी थांबायची. त्यांचे वडील पिंपरीत कारखान्यात होते. डॉ. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांनी पहिल्या पगाराच्या दिवशीचा आपला फोटो लावला होता, असं त्या सांगायच्या, आणि हे सांगताना दर वेळी थोड्या ताठ बसायच्या. ‘‘आमच्या घरात घड्याळ नव्हतं,’’ बाई म्हणायच्या. ‘‘भोंगा होता. भोंगा झाला की आई भाकरी टाकायची. भोंगा झाला की बाबा दारात. मला लहानपणी वाटायचं, सूर्यसुद्धा भोंगा ऐकूनच उगवतो.’’

या भोंग्यावरच त्यांनी गाण्यांचं नाटक लिहिलं. ‘भोंग्याची सुट्टी’. दर वर्षी सहावी-सातवीची नवी मुलं, पण नाटक तेच. गोष्ट साधी आहे. एका गावातला कारखान्याचा भोंगा एके दिवशी नाहीसा होतो. कोणी वेळेवर उठत नाही, कोणी वेळेवर जेवत नाही, गुरुजी वर्गात झोपतात. मुलं शोधायला निघतात. भोंगा नदीच्या घाटावर पाय सोडून बसलेला सापडतो. तो म्हणतो, तुम्हाला सगळ्यांना गुरुवार आहे, मला कुठे आहे? मलाही सुट्टी पाहिजे. मुलं म्हणतात, घे की मग. तर भोंगा म्हणतो,

‘‘मशीन माझी चालू आहे, सोडून जाऊ कसा?
माझ्या जागेवर कोण? सांगा, माझ्या जागेवर कोण?’’

कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. तो उशिरा आला तर तुम्ही उभे. आलाच नाही तर आणखी आठ तास उभे.

आता बाईंची खरी करामत. भोंग्याच्या या प्रश्नानंतर स्टेजवरची मुलं गप्प बसायची. एकजात सगळी. पेटी थांबायची, ढोलकी थांबायची. उत्तर यायचं ते प्रेक्षकांतून. तिथे बसलेले माजी विद्यार्थी, कोणी वेल्डर, कोणी नर्स, कोणी तयार माल तपासणारा क्यूसीवाला, कोणी कॅब चालवणारा, बसल्या जागेवरून गायचे:

‘‘आम्ही आलो, आम्ही आलो,
तू जा आता घरी!’’

ही ओळ बाईंनी शाळेतल्या मुलांना कधी शिकवली नाही. ‘‘ती तुमची नाही,’’ त्या म्हणायच्या. ‘‘शाळा सोडा, कामाला लागा, मग परत या आणि म्हणा.’’ आम्ही ती ओळ ऐकून ऐकून शिकलो, आणि ती म्हणायची पाळी कधी येते याची वाट बघत मोठे झालो.

त्यामुळे बाईंचं आमंत्रण हे साधं आमंत्रण नसायचं. नाटकाच्या आधी पंधरा दिवस त्या ड्रॉइंगच्या जाड कागदाची कार्डं कापायच्या. प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी. नाव. त्या माणसाने लहानपणी केलेलं काम: ‘गुरुजी’, ‘दुसरी म्हैस’, ‘पडदा ओढणे’. आणि त्याच्या शिफ्टप्रमाणे निरोप. ‘सेकंडला जाण्याआधी ये.’ ‘थर्ड करून आलास तर थोडा झोपून ये, पण ये.’ ही कार्डं पोस्टाने जायची नाहीत. सकाळी सहाला बाई नाक्यावर, कंपन्यांच्या बस थांबतात तिथे उभ्या राहायच्या आणि हातात द्यायच्या. डोक्यावर स्कार्फ, काखेत पिशवी. बसमधले नवे लोक विचारायचे, ‘‘कोण रे या? एलआयसीवाल्या का?’’ आमच्यातला एखादा छाती काढून सांगायचा, ‘‘आमच्या बाई आहेत. मी म्हैस होतो.’’

मी एकदा त्यांना म्हटलं, ‘‘बाई, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की. एका मिनिटात सगळ्यांना जातं.’’

‘‘सगळ्यांना जातं ना?’’ बाई कागद कापत म्हणाल्या. ‘‘मग मला कशाला, असं प्रत्येकाला वाटतं.’’

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. शेवटचं नाटक. आणि नेमकं त्याच वर्षी संस्थेच्या सचिवांनी ठरवलं की कार्यक्रम गुरुवारऐवजी रविवारी करायचा. कारण प्रमुख पाहुणे. ते कुठल्याशा कंपनीत मोठे अधिकारी होते आणि त्यांच्या ऑफिसला रविवारी सुट्टी. म्हणजे बघा, साहेबाच्या सुट्टीला नाटक आणि कामगाराच्या सुट्टीला कुलूप. नाटक कोणावर आहे? कोणाच्या मुलांचं आहे? मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘कामगार बंधू-भगिनींनो, आपल्या लेकरांच्या कलेवर डल्ला मारणाऱ्या प्रवृत्तींना धडा शिकवा!’ चार परिच्छेद आणि शेवटी शाळेच्या गेटवर जमण्याची हाक. बाईंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं.

‘‘जोरदार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त हे ‘कामगार बंधू-भगिनी’ कोण? या नावाचं कोणी माझ्या वर्गात नव्हतं.’’

‘‘बाई, हा चेष्टेचा विषय नाही. रविवारी आपली पोरं येऊच शकत नाहीत. तुमचं शेवटचं नाटक. भोंगा विचारेल, माझ्या जागेवर कोण, आणि समोर कोण असेल? बुके घेऊन बसलेली माणसं!’’

‘‘सारिका, तुला सुट्टी कधी असते?’’

हा प्रश्न त्या मला नेहमी विचारायच्या आणि माझं उत्तर नेहमी तेच. ‘‘चळवळीत सुट्टी नसते, बाई.’’

‘‘म्हणजे भोंगाच झालीस,’’ बाई म्हणाल्या. पत्रकाची घडी घालून त्यांनी ते पेटीच्या खाली, हलणाऱ्या पायापाशी सरकवलं. पेटी हलायची थांबली. ‘‘बघ, उपयोगी आलं. आता ऐक. कार्यक्रम कधी करायचा ते संस्था ठरवणार. ठरवू दे. रंगीत तालीम कधी करायची ते कोण ठरवतं?’’

मी पुढे सरकून बसले.

‘‘गुरुवारी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पूर्ण कपड्यांत, पूर्ण मेकअपमध्ये. तालमीला कोण बसलं, कोण नाही, याला संस्थेचा ठराव लागत नाही.’’

मला इतका आनंद झाला की मी त्यांना न विचारता हा बेत ग्रुपवर टाकला. ‘गुरुवारी दुपारी तीन. बाईंची शेवटची रंगीत तालीम. हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा.’ हॉलमध्ये अडीचशे खुर्च्या होत्या, पण सवय जात नाही.

बाई मात्र आपल्या वाटेने नाक्यावर उभ्या राहत होत्याच. एका कार्डावर त्या अडल्या होत्या. गणेशचं कार्ड. गणेश माझ्या वर्गातला, शाळेचा ढोलकीवाला. चाकणला पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी लागला. हात आत गेला की प्रेस मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवून उत्पादन वाढवायची तिथे पद्धत होती, आणि एका सकाळी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. ही केस मीच लढले. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली आणि एकात त्याचा फोटो छापला. त्यानंतर गणेश माझ्याशी बोलायचा थांबला. नाटकाला यायचाही थांबला. बाई दर वर्षी त्याच्या एका मित्राच्या हाती कार्ड पाठवायच्या, त्यावर ‘ढोलकी’ लिहायच्या, आणि कार्ड दर वर्षी त्याच मित्राबरोबर परत यायचं.

‘‘त्यावर ढोलकी लिहू नका, बाई,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला लागतं ते.’’

‘‘मग काय लिहू? अपघातग्रस्त?’’ बाई पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. ‘‘बोटं गेली ती कारखान्याच्या चुकीने. ताल गेला असेल तर ती माझी चूक. आणि माझं शिकवणं इतकं कच्चं नव्हतं.’’

त्या वर्षी कार्ड घेऊन त्या स्वतः त्याच्या बसच्या थांब्यावर गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. कार्ड परत आलं नाही, एवढं खरं.

गुरुवार आला. तीन वाजले. हॉलमध्ये मोजून वीसेक माणसं. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधली, दोन-तीन गृहिणी, एक रिक्षावाला. बाकी खुर्च्या रिकाम्या. स्टेजवर पोरं मिशा लावून घामाघूम. मी ग्रुप उघडला. चाळीस जणांनी अंगठा दिला होता आणि एकाचाही पत्ता नव्हता.

तेवढ्यात मोशीचा संतोष, आमच्या वेळचा ‘दुसरी म्हैस’, मेसेज करतो. ‘अगं सारिके, आज कंपनी चालू हाय. दिवाळीला जादा सुट्टी दिलती, ती आज भरून घेत्यात. तुला ठावं न्हाई व्हय?’

मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. चाकणच्या तीन-चार कारखान्यांनी परस्पर गुरुवार बदलला म्हणून महिन्यापूर्वी मीच पत्रक काढलं होतं. त्यात हीच तारीख होती. ठळक अक्षरात, मी लिहिलेली. निषेध केला आणि विसरून गेले. मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले. बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाई एका पोराच्या डोक्याला भोंगा बांधत होत्या. पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद लावलेला.

‘‘बाई, माझं चुकलं. आज ते लोक…’’

‘‘कामावर आहेत. माहीत आहे,’’ बाई तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या. ‘‘नाक्यावर सगळ्यांनी सांगितलं मला. कार्डावर लिहिलंय, ‘सुटल्यावर ये. आम्ही थांबू.’’’

‘‘मग तीनला सगळ्यांना मेकअप करून…’’

‘‘तीन तू लिहिलंस. मेकअप पुरा करायला मला अजून दोन तास लागतातच. जा, पोरांना वडापाव आण. मिशा सांभाळून खायला सांग.’’

फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. चाकणच्या चौकातून बस बाहेर पडायला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला मी त्या दोन तासांबद्दल सांगायला नको. मुख्याध्यापक दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. शिपाईमामा किल्ल्या वाजवत राहिले. आधी आलेली वीस माणसं मात्र उठली नाहीत. रिक्षावाल्याने पोरांना कोडी घातली. साडेपाचला जिन्यावर आवाज आला. सेफ्टी शूजचा. तो आवाज ज्याने ऐकलाय तो चुकत नाही. जड, एकसारखा, टाचेवरचा. कंपनीच्या शर्टांत, गळ्यात आयकार्ड, हातात रिकामे डबे, ती सगळी वर आली आणि आली तशी येतच राहिली. संतोषने दारातूनच ओरडून विचारलं, ‘‘बाई, म्हशींनी कुठं बसायचं?’’

‘‘जिथं चारा दिसेल तिथं!’’ बाई स्टेजवरून म्हणाल्या, आणि अख्खा हॉल हसला.

गणेश सगळ्यांच्या शेवटी आला. भिंतीला टेकून उभा राहिला, उजवा हात खिशात. मी त्याच्याकडे गेले नाही. तेवढी अक्कल मला आली होती.

नाटक झालं. कसं झालं ते मी लिहिणार नाही. सहावी-सातवीची मुलं होती, दोघं वाक्यं विसरली, एकाची मिशी वडापावबरोबर गेली होती. मग घाट आला. चंदेरी भोंगा पाय सोडून बसला. ‘माझ्या जागेवर कोण? सांगा, माझ्या जागेवर कोण?’ पेटी थांबली. आणि त्या शांततेत मागच्या भिंतीपाशी कोणीतरी बुटाने ठेका धरला. नुसती टाच. पण तो ठेका आम्हाला ओळखता येणार नाही असं कसं होईल? शाळेत असताना गणेशच्या याच ठेक्यावर आम्ही नाचलो होतो. मग दुसरा बूट, तिसरा, आणि शंभर-दीडशे सेफ्टी शूज जमिनीवर पडायला लागले आणि त्यावर ती ओळ उठली. ‘आम्ही आलो, आम्ही आलो, तू जा आता घरी!’ गणेशचा हात केव्हा खिशाबाहेर आला ते त्यालाही कळलं नसेल. बाई पेटीवर मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी त्या करंगळीने उगाचच ती अडकणारी पट्टी उचलली. ती अडकलेली नव्हती.

रविवारी बाईंनी मला बोलावलं. अट एकच. ‘‘यायचं, मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी. हे तुला जमलं पाहिजे.’’ आयुष्यात इतकी अवघड कामगिरी मला कोणी दिली नव्हती. हॉल भरलेला होता. शाली, श्रीफळं, बुके. नाटक गुरुवारपेक्षा चांगलं झालं, कोणी काही विसरलं नाही. मग घाट आला. भोंग्याने विचारलं, माझ्या जागेवर कोण? पेटी थांबली. मुलं गप्प.

समोरून काहीच आलं नाही. मी दात आवळून बसले. बाईंनी पेटीवरचा हात हलवला नाही. खूप वेळ गेला. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कोणी साथ देईना तेव्हा थांबवल्या. सचिव खुर्चीवरून उठून विंगेपाशी गेले. ‘‘बाई, मुलं विसरली का?’’

माईक चालू होता. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘नाही, साहेब. मुलांची ओळ संपली. पुढची ओळ माजी विद्यार्थ्यांची आहे. त्यांची सुट्टी गुरुवारी असते.’’

मग त्यांनी मुलांकडे बघून मान हलवली आणि पुढचं कडवं सुरू झालं. त्या रविवारी भोंग्याला सुट्टी मिळाली नाही. तो उठला आणि कामावर गेला. सचिवांची मान खाली गेली. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांनी मिळूनही कोणाची मान इतकी खाली घालायला लावली नव्हती, आणि बाईंनी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. या वर्षी शाळेच्या फळ्यावर कार्यक्रमाची सूचना लागली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. गुरुवार. खाली सचिवांची सही. पेटीवर आता नवे सर आहेत, आणि ढोलकी शिकवायला संध्याकाळी गणेश येतो. तीन बोटांनी वाजवायची एक नवी पद्धत त्याने बसवली आहे आणि धडधाकट पोरांनाही तो ती शिकवतो, हट्टाने. कार्डं मी कापली. नाक्यावर सहाला उभी राहिले. पहिल्या दिवशी बसमधून कोणीतरी विचारलं, ‘‘काय मॅडम, आज कसला निषेध?’’ मी म्हटलं, ‘‘नाव सांग तुझं.’’

एक कार्ड बाईंच्या घरी दिलं. नाव लिहिलं: सुनंदा वाघमारे. काम काय लिहायचं यावर मी आणि गणेश बराच वेळ बसलो. शेवटी त्यानेच लिहिलं. ‘भोंगा.’

बाई आल्या. तिसऱ्या रांगेत, संतोषच्या शेजारी बसल्या. घाट आला, भोंग्याने विचारलं, आणि आम्ही सगळे गायलो. बाई इतकी वर्षं पेटीमागे होत्या, त्यांनी ती ओळ कधी म्हटलीच नव्हती. आज पहिल्यांदा म्हटली. आणि मी स्पष्टच लिहिते, साफ बेसूर म्हटली. डोळ्यांत पाणी असलं की आवाज लागत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

नाटक संपल्यावर ‘तू जा आता घरी’ हे बाईंनी मनावर घेतलं नाही. गेटपाशी उभ्या राहिल्या, वही काढली, आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला अडवून त्यांची चौकशी सुरू झाली. माझी पाळी आली.

‘‘सुट्टी कधी?’’

‘‘गुरुवार, बाई,’’ मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.